एकासारखं दुसरं नको

आमच्या सरांच्या पायात एका जोडातल्या दोन चपला कधी नसत. डावी एका दुकानातली, उजवी दुसऱ्यातली. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात मला वाटलं, वयस्कर माणूस, देवळाबाहेरून घाईत कुणाची तरी घालून आलेत. दबकत म्हटलं, "सर, चपला बदलल्यात वाटतं." ते खाली बघून म्हणाले, "बरोबर आहेत की. एका कारागिरानं एका दिवशी शिवलेल्या दोन चपला म्हणजे दोन्हीचे अंगठे एकाच महिन्यात तुटणार. मत्ते मी रस्त्यात काय करायचं? ही तुटली तर ती असते." एकाच चपलेवर माणूस घरी कसा जातो, हे मी विचारलं नाही. नवीन होते.

नवऱ्याची बदली म्हैसूरला झाली म्हणून मी सांगली सोडली. बन्नीमंटपाजवळच्या एका रुग्णालयात कॉम्प्युटर विभागात जागा निघाली आणि मला मिळाली. सर त्या विभागाचे प्रमुख. घराणं मूळचं मराठी, पण म्हैसुरात इतक्या पिढ्या काढलेलं की मूळ गाव कुठलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी मात्र सोडली नव्हती. 'मग'ला ते 'मत्ते' म्हणत, 'उगाच'ला 'सुम्ने', 'झालं'ला 'आयतु', आणि वाक्याच्या शेवटी 'अल्वा?' म्हणजे 'नाही का?' असं विचारून समोरच्याकडे असं बघत की नाही म्हणायची सोयच राहत नसे.

हा माणूस कामात काय करायचा ते एका वाक्यात सांगते. रुग्णालयातले कोणतेही दोन कॉम्प्युटर एकसारखे राहणार नाहीत, एवढंच तो बघायचा. चौकशीच्या खिडकीवर एक सिस्टिम, औषधांच्या खिडकीवर दुसरी, प्रयोगशाळेत तिसरी. जिथे नाइलाजानं एकच प्रोग्रॅम सगळीकडे बसवावा लागे, तिथे त्याची आतली मांडणी सर प्रत्येक मशीनवर वेगळी करून ठेवत. मी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठं?"

"वरच्या फळीवर."

"शेजारणीच्या?"

"मला काय माहीत?"

"आयतु. चोराला पण माहीत नको. अंधारात तुझ्याकडची साखर सापडली म्हणून शेजारणीकडे त्याच फळीवर हात घातला, तर हाताला मिरचीपूड लागली पाहिजे."

हे ऐकायला झकास होतं. वापरणाऱ्यांना नव्हतं. रिपोर्ट छापायचं बटण एका मजल्यावर वर, दुसऱ्यावर खाली, तिसऱ्यावर कुठे ते फक्त त्या मजल्यावरच्या सिस्टर जाणत. एका मजल्यावरून दुसऱ्यावर बदली झालेली नर्स माहेर सुटल्यासारखी रडवेली होई. मेट्रन तर सरांना जिन्यात गाठून कन्नडमध्ये असं काही सुनवायची की मी तेवढ्यासाठी कन्नड शिकले. सर शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "पटलं. पण बदलणार नाही."

एकदा कुणीतरी लग्नाचे फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह आणला आणि त्यातून व्हायरस आला. औषधांच्या खिडकीवरचे कॉम्प्युटर आडवे झाले. बाकी सगळे चालत राहिले, म्हणून त्यांची कुणी आठवण ठेवली नाही. खिडकीवर जी रांग लागली ती मात्र वर्षभर सगळ्यांच्या तोंडी होती. सरांना याचं वाईट वाटे का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, "जे बुडालं नाही त्याचा फोटो कोण काढतं?"

हे वेड त्यांच्यात कुठून शिरलं, तर केळ्यातून. त्यांच्या मामांची नंजनगुडला केळीची बाग होती. त्या केळ्याचं नाव काढलं की सर डोळे मिटून घेत. आता केळीला काही बी लागत नाही. आईच्याच बुडातून लेक फुटते आणि तीच पुढे लावायची. म्हणजे अख्खी बाग ही एकच केळ, पुन्हा पुन्हा उगवलेली. मुळाला रोग आला तो एका झाडाला मारून थांबला नाही, कारण दुसरं झाड असं काही नव्हतंच. सर तेव्हा शाळकरी होते. मामांच्या मागून त्या पिवळ्या पडलेल्या पानांखालून चालत गेल्याचं ते सांगत, आणि मग लगेच म्हणत, "चल, तुझी मशीनं दाखव."

घरीही तेच. पत्नी होत्या तोवर नवरा-बायको एका दिवशी एका भांड्यातलं दही खात नसत. दोघांना बाधलं तर दवाखान्यात नेणार कोण? प्रवासाला निघाले तर दोघं दोन बसनं जात, आणि पुढची बस पकडणारा मागच्याची वाट बघत स्टँडवर बसे. "काकू चिडायच्या नाहीत?" मी विचारलं. "चिडायची की. पण निवांत झोप मिळते म्हणायची." त्या मी येण्याआधीच्या वर्षी गेल्या. मुलगी बेंगळुरूला, नातवंडं कन्नड आणि इंग्रजी बोलणारी. एवढं मला ठाऊक होतं आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. रुग्णालयात रक्तपेढी होती. तिथून रक्ताची पिशवी बाहेर पडायची तर ती मागणारा माणूस खरंच आपला आहे का, हे मशीननं ओळखायला हवं. इथे घोटाळा झाला तर माणूस जातो. म्हणून सरांनी तिथे एक दार ठेवलं नव्हतं, दोन ठेवली होती. ओळख पटवणारे दोन वेगळे प्रोग्रॅम, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले. दोन्ही 'हो' म्हणाले तरच पिशवी हलणार. एक प्रोग्रॅम माझा. दुसरा जळगावचा.

जळगाव म्हणजे माझा सहकारी. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी सांगली, तो जळगाव. लांबसडक, शांत, प्रत्येक वाक्यात 'भाऊ' घालणारा गडी, मला पण 'काय भाऊ' म्हणायचा. माझी खोली तळमजल्यावर एक्स-रेशेजारी, त्याची दुसऱ्या मजल्यावर. आणि आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम. थट्टा नाही, खरंच. जिन्यात भेटलो तर हवापाण्याचं बोललेलं चालेल, त्यापुढे नाही. "दोन माणसं एका टेबलावर डबा खायला लागली ना," सर म्हणत, "की महिन्याभरात एकसारखी चुकायला लागतात."

म्हणून डबा आम्ही वेगवेगळा खायचो. सर मात्र दोघांबरोबर खायचे. अर्धा डबा खाली माझ्यासोबत, मग उरलेला झाकण लावून वर जळगावकडे. खाताना कामाचं काही काढत नसत. सांगलीत सध्या काय चाललंय, आई फोनवर काय म्हणाली, मी रिक्षावाल्याशी कशी भांडले, हे सगळं विचारत. मी आपली तोंडाचा पट्टा सोडायची. मला वाटायचं, साहेब किती अगत्यानं चौकशी करतात!

मग एक नवे व्यवस्थापक आले. कोट घालणारे. त्यांनी सगळ्या मजल्यांवर फेरी मारली, प्रत्येक मजल्यावर छापायचं बटण शोधलं आणि विश्वस्तांना सांगितलं की हा वेडाचार आहे. बाजारात एक पॅकेज मिळतं, ते वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकसारखं बसवायचं. सरांचा विभाग बंद. सरांना घरी पाठवायचं. विश्वस्तांचे अध्यक्ष एक जुने सर्जन होते. ते म्हणाले, आधी तपासून बघू. बाहेरचा माणूस बोलवा, त्याला हल्ला करू दे. रक्तपेढीची दोन्ही दारं तो उघडू शकला, तर पॅकेज आणा.

सरांनी हे आम्हाला वेगवेगळं सांगितलं. माझ्या खोलीत खुर्चीवर बसून म्हणाले, "एक दार उघडेल. ते धरूनच चाललोय मी. फुटणार नाही असं दार कुणी बनवलेलं नाही ग. एका किल्लीनं दोन्ही उघडू नयेत, तेवढंच आपल्या हातात." आणि मग, पहिल्यांदाच, जरा खालच्या आवाजात, "माझं आयुष्य गेलं यात, सांगली. बघू."

तपासायला आली ती म्हैसूरचीच मुलगी. नावाआधी दोन अक्षरं, एक गावाचं, एक वडिलांचं. मग नाव, आणि बस. सरांनी तिला स्वतः कॉफी नेऊन दिली आणि बसायला बरी खुर्ची दिली. शत्रूची एवढी सरबराई मी पहिल्यांदा बघितली. दुपारी मी तिच्या मागून जात होते तर ती स्क्रीनकडे बघून हसत होती. चांगलं खुदुखुदु. मी म्हटलं, झालं काय हिला?

झालं होतं ते असं. माणूस पासवर्ड विसरला तर त्याला कसं ओळखायचं, हे सरांनी आमच्यावर सोडलं होतं. "कसं ते तुमचं तुम्ही ठरवा. एकमेकांना विचारायचं नाही." आम्ही विचारलं नाही, देवाशपथ. मी माझ्या खोलीत डोकं लावलं: असं काय आहे जे माणूस विसरत नाही आणि दुसऱ्याला माहीत नसतं? आईचं माहेरचं आडनाव! लग्न झालं की ते पुसलं जातं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता नसतो. मी स्वतःवर खूश झाले. दुसऱ्या मजल्यावर जळगावनंही डोकं लावलं, त्यालाही तेच सुचलं आणि तोही स्वतःवर खूश झाला.

आणि म्हैसुरात निम्म्या लोकांना आडनावच नसतं. गावाचं अक्षर, बापाचं अक्षर, नाव. आईला नाही, आईच्या आईला नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ, सगळे त्या प्रश्नापाशी येऊन थबकले असणार. रिकामं ठेवलं तर प्रोग्रॅम पुढे जाऊ देईना. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, अहो, एक टिंब देऊन टाका. झालं! सगळ्या रुग्णालयानं टिंब दिलं. त्या मुलीनं मेट्रनचं नाव घालून 'पासवर्ड विसरले' म्हटलं, प्रश्न वाचला आणि ती जन्मभर जिथे तिथे देत आली तेच दिलं. टिंब. माझं दार उघडलं. मग जळगावच्या दाराशी गेली, तोच प्रश्न, तेच टिंब, तेही उघडलं. रक्तपेढीत ती मेट्रन म्हणून शिरली.

तुम्ही म्हणाल, सर तर इथलेच, त्यांना कसं कळलं नाही? एक तर आमचे प्रोग्रॅम आतून बघायचे नाहीत हा त्यांचा स्वतःसाठीचा नियम. दोन्ही मी वाचले तर दोन्हीत मीच उतरेन, म्हणायचे. आणि दुसरं, त्यांच्या घराण्यानं मराठीबरोबर आडनावही जपलं होतं. स्वतःच्या आईचं माहेरचं आडनाव त्यांनी दोन्ही ठिकाणी झोकात भरलं होतं आणि पुढे गेले होते.

बैठकीला आम्हा दोघांनाही बोलावलं. चार वर्षांत मी आणि जळगाव एका टेबलाशी पहिल्यांदा बसलो, आणि तेही असं तोंड पाडून. बैठक कन्नड आणि इंग्रजीत चालली. व्यवस्थापक म्हणाले, "दोन दारांचा दुप्पट खर्च. दोन्ही एका टिंबानं उघडली." माझे कान तापले होते. अध्यक्षांनी विचारलं, "चूक कुणाची?"

सर उभे राहिले. "माझी," म्हणाले. "या दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, ते मी बघितलंय. ते प्रामाणिकपणे एकसारखे चुकले. एका बागेतली दोन केळी मी लावली आणि त्यांच्यामध्ये भिंत घातली. रोग भिंतीवरून जात नाही, मुळातून जातो." मग व्यवस्थापकांकडे वळून, आवाज न चढवता, "दोन माणसं एकसारखी निघाली तर दोन दारं गेली. तुम्ही तर अख्खं रुग्णालय एकसारखं करायला निघालात. उद्या ते टिंब कुणाला सापडलं तर मेट्रन कुठल्या मजल्यावर पळणार, सांगा. मला घरी पाठवा, पण हे उत्तर लिहून ठेवा."

व्यवस्थापकांनी कोटाचं बटण लावलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे यातला एक बदलायला हवा." आणि आमच्या दोघांकडे बघितलं. घराचा हप्ता, मुलाची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जळगावकडे बघितलं तर तोही बोटांवर हप्तेच मोजत होता.

"एक काढून भागणार नाही," सर म्हणाले. "त्याच्या जागी दुसरा मीच निवडणार. तो परत माझ्यासारखाच निघेल. या दोघांना कुणी निवडलं? मी. बदलायचा तर निवडणारा बदला."

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं, आणि कन्नडमध्ये, सगळ्यांसमोर. "अर्ज खूप आले होते. मंगळुरूचे, केरळचे, इथले. चांगली माणसं होती. मला ठाऊक होतं, एक इकडचा, एक तिकडचा घ्यायचा. पण ही बाई आत आली आणि मराठीत बोलायला लागली. मग तो मुलगा. बायको गेल्यापासून घरात मराठी बोलणारं माणूस नव्हतं. मी मनाची समजूत घातली की सांगली आणि जळगाव म्हणजे महाराष्ट्राची दोन टोकं, पुरेसं वेगळं आहे. पुरेसं नव्हतं. मला ते तेव्हाही कळत होतं."

मी खाली मान घालून बसले. रोजचा तो अर्धा अर्धा डबा एकदम कळला आणि डोळे भरून आले. इतका हिशेबी, इतका काटेकोर माणूस, आणि मोहात पडला तो कशाच्या, तर माझ्या बडबडीच्या! जळगाव नाक ओढत होता. व्यवस्थापक घड्याळ बघत होते.

अध्यक्षांना सरांचं म्हणणं पटलं आणि पॅकेज आलं नाही. यंत्रं जशी होती तशी, एकासारखी दुसरी नसलेली, राहिली. सरांच्या खुर्चीवर कोण, हे अध्यक्षांनी स्वतः ठरवलं आणि त्या टिंबवाल्या मुलीला विचारलं. सरांचं मत मागितलं तर ते म्हणाले, मला विचारूच नका.

जायच्या आधीचे काही महिने त्यांनी सगळं तिला नीट समजावून दिलं. आमच्याशीही बोलत, पण त्या बैठकीच्या दिवसापासून ऑफिसात त्यांनी मराठीचा एक शब्द काढला नाही. मी "सर, जेवलात का?" विचारलं की उत्तर कन्नडमध्ये. डबाही आपल्या खोलीत एकटे खाऊ लागले. मला राग आला. खरंच आला. अहो, चूक झाली ती झाली, म्हणून माणसानं जीभ बांधून घ्यायची? एकदा मी चिडून म्हटलं, "सर, आता कशाला हे? कोण बघतंय?" ते कन्नडमध्येच म्हणाले, "मी बघतोय." शेवटच्या दिवशीचं भाषणही कन्नडमध्ये झालं. मेट्रन रडली. तिनं त्यांना एक चपलांचा जोड भेट दिला, आणि सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

ते गेल्यावर एका रविवारी मी आणि जळगाव त्यांच्या घरी गेलो. नव्या मॅडमनी आमचा न बोलायचा नियम काढून टाकला होता, पण चार वर्षांची सवय. त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी कुवेंपुनगरपर्यंत हवापाण्यावरच बोलले. दार सरांनीच उघडलं. बनियन, पंचा, हातात वर्तमानपत्र. एवढेसे दिसत होते. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "हेगिद्दीरा सर?" म्हणजे कसे आहात.

ते उंबऱ्यातच उभे राहिले. "ऑफिस आयतु ग," म्हणाले. "आता मराठीत बोल."

आणि काय सांगू, मला काही सुचेना! जिच्या तोंडाला खळ नाही ती मी, सोफ्यावर बसून भिंतीवरच्या दोन निराळ्या घड्याळांकडे बघत राहिले. सरांनी कॉफी आणली. मग जळगावच्या तोंडून बाहेर पडलं, "काही म्हणा भाऊ, म्हैसुरात वांगं चांगलं मिळत नाही. भरीत करावं तर आमच्याकडचंच."

आता हे मी ऐकून घेणार होते का? कृष्णाकाठचं वांगं ज्यानं खाल्लं नाही त्यानं वांग्यावर बोलू नये, असं मी सुनावलं. तो म्हणाला, "त्याचं भरीत होतं का? बियाच बिया." मी म्हटलं, "तुमच्या वांग्याला चव कुठंय, नुसता तेल आणि मिरचीचा मारा." तो उठून उभा राहिला. चार वर्षांत एका गोष्टीवर आमचं दुमत झालं नव्हतं, आणि त्या दिवशी वांगं भाजायचं चुलीवर की गॅसवर, कांदा घालायचा की कांद्याची पात, दाणे घालणाऱ्याला माणूस म्हणायचं की नाही, यावर आम्ही एकमेकांच्या सात पिढ्यांच्या स्वयंपाकाचा उद्धार केला. सर खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून, नुसते बसले होते. कॉफी तशीच गार झाली.

बऱ्याच वेळानं मला लाज वाटली. एवढ्या लांब येऊन या माणसाची धड चौकशीही केली नाही. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "येतो आम्ही सर. उगाच तुमचं डोकं उठवलं."

त्यांनी डोळे उघडले. "बसा की," म्हणाले. "अजून थोडं भांडा."